तिसऱ्या दिवशी फोन कोण करणार?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सातपूरच्या एका कारखान्यात कल्याण अधिकारी आहेत. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: दिवाळीनंतर त्यांच्या एका कामगारानं आत्महत्या केली. आता त्याच शॉपमधल्या, म्हणजे कारखान्याच्या त्याच विभागातल्या, दुसऱ्यानं प्रयत्न केला. तो वाचला, सहा दिवस दवाखान्यात होता आणि येत्या सोमवारी कामावर रुजू होतोय. साहेबांचं म्हणणं, १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन आहे, एखादं प्रेरणादायी व्याख्यान ठेवून टाका. ताई विचारतात, "व्याख्यानानं खरंच फरक पडतो का? आणि सोमवारी तो आला की आम्ही त्याच्याशी बोलायचं काय?"

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. बावीस वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतेय, आधी वॉर्डात, आता ओपीडीत आणि अधूनमधून कारखान्यांत, गावांत. खाली जी माणसं येतील त्यांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदललेत.

आधी एक गोष्ट. हे वाचणाऱ्या कुणाच्या स्वतःच्या मनात सध्या असे विचार येत असतील तर पुढचं नंतर वाचा, आधी १४४१६ लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू असते, मराठीत बोलता येतं. आत्ताच काही होईल अशी भीती असेल तर ११२, किंवा जवळच्या दवाखान्याचा कॅज्युअल्टी विभाग. आणि एकट्यानं जाऊ नका, कुणाला तरी हाक मारा.

आता ताई, तुमच्याकडे वळते. "सहा दिवस दवाखान्यात" आणि "सोमवारी कामावर" या दोन गोष्टींच्या मधलं तुमच्या प्रश्नात काहीच नाही, आणि मला तेच विचारायचंय. डिस्चार्ज कोणत्या वारी झाला? मानसोपचारतज्ज्ञांनी बघितलं का? पुढची तारीख कधीची? घरी दिवसभर त्याच्याजवळ कोण असतं? दवाखाना म्हणतो, आम्ही शरीरानं बरा करून पाठवला. घरचे म्हणतात, कामावर गेला की मन रमेल. कंपनी म्हणते, फिटनेस सर्टिफिकेट आणलंय ना, मग झालं. तिघांनीही आपापलं काम केलेलं असतं आणि माणूस नेमका या तिघांच्या मधल्या फटीत पडतो. खरा प्रश्न या फटीचा आहे. व्याख्यानाचं आपण नंतर बघू.

माझीच चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली. निफाडकडचा एक तरुण असाच वाचून वॉर्डात आला होता. चार दिवसांत हसायला-बोलायला लागला, माझ्याशी तासभर बोलला, गोळ्या सुरू झाल्या. डिस्चार्ज कार्डावर मी "१५ दिवसांनी ओपीडी" असं लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली. पंधराव्या दिवशी तो आला नाही. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. फोन करायची तेव्हा आमच्याकडे पद्धतच नव्हती. टेबलावर फोन होता, पण बाहेरचा नंबर लावायचा तर ऑपरेटरला कारण सांगावं लागायचं. महिन्याभरानं त्याचा मोठा भाऊ आला, केसपेपर परत करायला. "ताई, हे आता तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला. घरी गेल्यावर नवव्या दिवशी तो तरुण गेला होता. मी लाल रेघ मारलेली तारीख यायला तेव्हा सहा दिवस बाकी होते.

दवाखान्यातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात जोखमीचा असतो आणि पहिले तीन महिने एकूणच जपायचे असतात, हे पुस्तकात होतंच. मला ते त्या केसपेपरनं शिकवलं. वॉर्डात माणसाभोवती नर्स असते, भाऊ असतो, शेजारचा पेशंट असतो. घरी गेल्यावर दोन दिवस पाहुणे येतात. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात आणि ज्या अडचणींपायी हे सगळं झालं त्या दारात तशाच उभ्या असतात. वर आता दवाखान्याचं बिल.

तेव्हापासून माझा नियम आहे: पहिला फोन तिसऱ्या दिवसाच्या आत, पहिली भेट सात दिवसांच्या आत. फोनवर काही मोठं बोलायचं नसतं. झोप लागते का, गोळ्या कोण देतं, बुधवारी येताय ना, बसनं येणार की भाऊ गाडीवर सोडतोय? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो. ज्यानं कसं यायचं ते ठरवलंय तो बहुतेक येतो. "बघू" म्हणणाऱ्याला संध्याकाळी परत फोन करायचा.

हा नुसता माझा अनुभव नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत असा अभ्यास केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नई आणि कोलंबो त्यात होती, शिवाय ब्राझील, इराण आणि चीनमधलं एकेक शहर. प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेले १,८६७ लोक. काहींना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना त्याशिवाय निघताना तासभर समोरासमोर बसून माहिती दिली आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येनं गेलेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. नंतर वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दरवेळी दिसलेला नाही, तेही सांगायला हवं. ज्याला दारूचं व्यसन आहे, ज्याला कानात आवाज ऐकू येतात, ज्याला रोज घरी मार बसतो, त्याचं नुसत्या फोनवर भागणार नाही. पण नऊ फोनांना खर्च किती येतो, ते तुमच्या साहेबांना जरूर विचारा.

फोनबरोबर एक कागद लागतो. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली पद्धत आहे. आम्ही ओपीडीत त्याला "आणीबाणीचा कागद" म्हणतो. विचार यायला लागले की आधी काय जाणवतं, मग स्वतः काय करायचं, मग कुणाजवळ जाऊन बसायचं, मग मदत मागायला कुणाला फोन, मग डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायच्या. हे सगळं पेशंटनं स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हातानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगायचं आणि आपण त्याच्याच बोलीत लिहायचं.

एका वेल्डरचा कागद मला आठवतो. जाणवतं काय, याच्यापुढे त्यानं लिहिलं होतं, "रात्री अडीचला जाग येते आन हिशोब सुरू होतो." कुठं जायचं, याच्यापुढे "गंगेवर जाऊन बसतो." नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. मी विचारलं, सोबत कोण? कुणी नाही. रात्री अडीचला, मनात हिशोब चालू असताना, नदीकाठी एकटाच? तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला, ते खोडलं आणि लिहिलं, "बायकोला उठवायचं. चा करायला लावायचा." बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "चा तुम्ही करा, मी बसते जवळ." तेही त्यानं लिहिलं. घडी करून त्यानं तो कागद मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला. पुढं वर्षभर भेटायला आला की मी आधी कव्हर बघायचे.

घरच्यांच्या भीतीबद्दल बोलायलाच हवं, कारण फट रुंद होते ती तिथं. कॅज्युअल्टीच्या दारातच घरचे सांगतात, "चुकून झालं हो, चक्कर आली." कारण त्यांना वाटतं, खरं सांगितलं तर केस होईल, जेल होईल. मग केसपेपरवर "चुकून" जातं, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी जात नाही आणि माणूस तसाच घरी. तर कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिला उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतल्या कलम ३०९ सारखं, आत्महत्येचा प्रयत्न सरसकट गुन्हा ठरवणारं कलम राहिलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, हे खरं आहे आणि त्यानं लोक घाबरतात हेही खरं. पण जबाब म्हणजे गुन्हा नव्हे, हे शांतपणे सांगणारा एक माणूस दारात असला तर केसपेपरवर खरं कारण येतं. तुमच्या कारखान्यातून दवाखान्यात जो कुणी जातो त्याला एवढं पाठ करून पाठवा.

आता विचारायचं कसं. माझं सगळ्यात जास्त प्रशिक्षण या एका वाक्यावर खर्च होतं.

आपण सगळे विचारतो, "तसलं काही मनात नाही ना?" या वाक्यातला "ना" ऐका. उत्तर आपणच देऊन टाकलंय, समोरच्यानं फक्त मान हलवायची. "तसलं" म्हणून आपण त्याला हेही सांगितलं की हा विषय माझ्या तोंडाला झेपत नाही. डॉक्टरसुद्धा असंच विचारतात, मीही विचारायचे. याच्याऐवजी: "इतका त्रास चाललाय, अशा वेळी कधी जीव द्यावा असं मनात येतं का?" सरळ, हळू आवाजात, आणि मग गप्प बसायचं. पाच सेकंद, दहा सेकंद. ती शांतता सहन होत नाही म्हणून आपणच मध्ये बोलतो, तेवढं टाळायचं. विचारल्यानं कल्पना डोक्यात भरते, ही भीती जवळपास प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी बोलून दाखवतं. असं होत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. एकानं मला सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही तो शब्द बोलला, तवा मला कळालं की ह्याच्यावर बोलता येतं."

उत्तर "हो" आलं तर? तिथं आपली गाडी घसरते. "पोरांकडे बघ," "असं बोलू नये, पाप लागतं," "आमच्यावर काय कमी वेळ आली होती का?" पोरांकडे बघूनच तो आजवर तगलाय, आणि आता त्याला वाटतंय की पोरंच आपल्याशिवाय सुखी राहतील. त्याच दुखण्यावर आपण बोट ठेवतो. त्यापेक्षा "बरं झालं सांगितलं" म्हणा. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलंय का, एवढं विचारा. ठरवलंय म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमला गेला तरी दाराशी थांबायचं, घरच्यांना बोलवायचं आणि स्वतः बरोबर जाऊन डॉक्टरसमोर बसवायचं. "उद्या जाऊन ये" म्हणायचं नाही. "हे कुणाला सांगू नका" अशी शपथ घालायला लागला तर शपथ घ्यायची नाही. सांगायचं, "गावभर करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगीन."

इथं एक अवघड जागा आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका ऊठसूट "देवा, आता ने रे बाबा" म्हणतात आणि तेवढ्याच उत्साहानं लोणचं घालायला बसतात. प्रत्येक वाक्याला धावून जाता येत नाही. मी बदल बघते. नेहमी म्हणणारी बाई अचानक म्हणायची थांबली, लोणचं घालायचीही थांबली आणि दागिने सुनांना वाटायला लागली, तर जवळ बसून विचारते. कारखान्यातही हेच. एखादा मुळातच अबोल असतो, त्याच्या गप्प राहण्यात काही नसतं. पण जोक मारणारा गप्प झाला, डबा तसाच परत न्यायला लागला, त्याच्या मशिनचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं, पतपेढीचं तिसरं कर्ज काढलं, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रास" हे वाक्य दोनदा तोंडातून आलं. हे सगळ्यात आधी सुपरवायझरला दिसतं, आणि तो त्याला वॉर्निंग लेटर देतो.

आता सोमवार. त्याच्या आधी, शनिवारी किंवा रविवारी, तुम्ही स्वतः त्याला फोन करा. घरी गेलात तर आणखी बरं, पण आधी विचारून जा. चाळीत कंपनीची गाडी थांबली की शेजारी दहा प्रश्न विचारतात. त्याला विचारा, "लोकांनी विचारलं तर तू काय सांगणार आहेस?" तो म्हणेल "पोटाचं ऑपरेशन", तर तेही चालेल. तेच वाक्य तुमचंही. सोमवारी सुपरवायझरनं इतर दिवसांसारखी हाक मारायची, काम द्यायचं. टाळ्या नकोत, गुच्छ नको, "आता कसं वाटतंय" असं अठरा जणांनी विचारायला नको. दिवसातून एकदा, एकाच ठरलेल्या माणसानं विचारायचं. तो माणूस कोण, ते त्याला निवडू द्या.

कामाचं दोन ठिकाणी बघा. काही गोळ्यांनी सुरुवातीला झोप येते, गुंगी येते. प्रेसवर, क्रेनवर, उंचीवर काम असेल तर त्याच्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. आणि रात्रपाळी पहिले काही आठवडे टाळा, झोप बसल्याशिवाय मन बसत नाही. पण इथं कंपन्या दुसरी चूक करतात. रात्रपाळी काढली, ओव्हरटाइम काढला, पगार चार हजारांनी कमी झाला, आणि हप्ता तर तेवढाच! काळजी म्हणून केलेली गोष्ट त्याच्या अडीच वाजताच्या हिशोबात जाऊन बसते. तेव्हा पाळी बदलताना पगाराचं काय, हे त्याच्या समोर बसून ठरवा. ओपीडीच्या दिवसाची सुट्टी बिनपगारी धरू नका. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर मानसिक आजाराचे उपचारही त्यात मिळतात. ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीनं काढलेला आरोग्य विमा, असेल तर २०१७ च्या त्याच कायद्यानं विमा कंपनीला मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. "हे पॉलिसीत बसत नाही" असं कुणी म्हणालं तर लेखी मागा.

आणि त्याचे कागद तुमच्या कपाटात, कुलपात. मागे एका ठिकाणी डिस्चार्ज कार्डाचा फोटो एचआरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला, दुपारच्या जेवणापर्यंत कँटीनमध्ये पोचला. तो मुलगा परत आलाच नाही, दुसरीकडे लागला. नशीब म्हणायचं.

तुमच्या प्रश्नात दिवाळीनंतर गेलेल्या माणसावर एकच वाक्य आहे. तो आणि हा एकाच शॉपमधले. हा मला योगायोग वाटत नाही, निदान तसं धरून चालायला नको. जवळचं माणूस असं गेलं की मागं राहिलेल्यांची जोखीम वाढते, हे माहीत असलेलं सत्य आहे. त्याच्या शेजारच्या मशिनवर कोण होतं? त्याच्याबरोबर रूमवर कोण राहायचं? शेवटचा फोन कुणी उचलला नव्हता? अशा तिघा-चौघांना तुम्ही आजवर बोलावलंय का? उशीर झालेला नाही, बोलवा. त्यांना "मी त्या दिवशी असतो तर" हे कुणासमोर तरी बोलायचं असतं. तो कसा गेला त्याची चर्चा तिथं होऊ देऊ नका, आणि त्याला ना हुतात्मा करा ना भित्रा ठरवा. "कर्जाला कंटाळून टोकाचं पाऊल" असे मथळे आपण रोज वाचतो. एक कारण, एक पाऊल. बावीस वर्षांत मला एकच कारण असलेला माणूस भेटलेला नाही. कर्ज असतं, सोबत झोप उडालेली असते, दारू वाढलेली असते, घरात कुणाशी बोलणं बंद असतं आणि त्यात एक वाईट संध्याकाळ येते. मथळ्यातलं एकच कारण वाचून तसंच कर्ज असलेल्या दुसऱ्याला वाटतं, आपल्यालाही हाच रस्ता.

दिवाळीनंतर गेलेल्या त्या माणसाच्या बायकोला पैसे मिळाले का, तेही तपासा. पीएफ, पेन्शन, विमा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. अनेक ठिकाणी "पाच वर्षं भरली नव्हती" म्हणून बायकांना परत पाठवलेलं मी पाहिलंय. हेही प्रतिबंधाचंच काम आहे, फक्त पोस्टरवर येत नाही.

मग व्याख्यान? ठेवा हवं तर, पण प्रेरणादायी वक्ता नको. "आयुष्य सुंदर आहे" हे ज्याला पटेनासं झालंय त्यालाच आपण ते माइकवरून सांगणार, आणि तो मागच्या रांगेत बसून म्हणणार, सगळ्यांना दिसतंय, मलाच कसं दिसत नाही. त्या पैशात सुपरवायझर आणि लाइन लीडर यांचे पंधरा-पंधराचे गट करा, दीड तास द्या, आणि वर सांगितलेला प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसत नाही, आणि सत्र संपल्यावर तो मागं थांबतो.

कंत्राटी कामगारांना त्यातून वगळू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्यात. राज्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. देशभरातल्या या लोकांत साधारण चारांतला एक रोजंदारीवरचा होता. आणि आपल्याकडे ठेकेदाराच्या माणसाला कंपनीची ओपीडी नसते, कल्याण अधिकारी त्याचा नसतो, तो चार दिवस आला नाही तर ठेकेदार दुसरा आणतो. कल्याण अधिकारी नेमायची कायद्याची सक्ती मोठ्या कारखान्यांनाच असते. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वीस-तीस माणसांच्या शेडमध्ये कोण नेमणार? तिथं पाच-सहा युनिटनी मिळून एक समुपदेशक आठवड्यातून एक दिवस बसवला तर जमतं. मी असं एका गल्लीत दोन वर्षं केलंय. पहिले तीन महिने कुणी आलं नाही. मग बीपी तपासायचं मशिन टेबलावर ठेवलं, आणि लोक बीपीच्या निमित्तानं बसायला लागले.

तुमचे निम्मे लोक रोज दिंडोरी, निफाड, सिन्नरकडून येत असणार, म्हणून गावाचं थोडं. द्राक्षाच्या पट्ट्यात "घरात औषध आहे का?" असं विचारलं की लोक उलट विचारतात, "कुठलं, फवारणीचं का दवाखान्याचं?" दोन्हींना एकच शब्द, आणि बऱ्याच घरांत दोन्हींची जागाही एकाच फळीवर. टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढेही आत्महत्येनं जात नाहीत. म्हणून प्रयत्नानंतर घरी आलेल्या माणसाच्या घरातून फवारणीचं सगळं काही महिने भावाकडे, मळ्यातल्या शेडवर, कुलपात हलवायला मी सांगते, चावी दुसऱ्याकडे. गावभर पेट्या वाटल्यानं भागत नाही, हेही शिकलेय. श्रीलंकेत हजारो घरांना कुलपाच्या पेट्या देऊन बघितल्या, फरक पडला नाही. फरक पडला तो सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर सरकारनं बंदी आणली तेव्हा. तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९९५ नंतर निम्म्याहून खाली आलं. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एका घरातली एक फळी आहे.

आणि गावात कुणाला शिकवायचं, असं विचाराल तर आशाताईंच्या जोडीला मी कृषी सेवा केंद्रवाल्याचं नाव घेईन. गारपिटीनंतर कुणाची बाग गेली, कुणाचा माल उचलून व्यापारी पळाला, कुणाची उधारी तीन हंगाम थकलीय, हे तलाठ्याच्या आधी त्याला कळतं. पिंपळगावकडच्या अशा एका दुकानदारानं मला सांगितलं की एक नेहमीचं गिऱ्हाईक बिनहंगामी वेळेला आलं, भाव केला नाही, नजर वर केली नाही. त्यानं माल संपलाय म्हणून सांगितलं, चहा मागवला आणि त्याच्या मुलाला फोन केला. त्याला कुठलंही प्रशिक्षण नव्हतं. आता त्याच्या गल्ल्यामागं माझा नंबर लावलेला आहे.

सोमवारच्या आधी एवढं तरी व्हायला हवं: पुढच्या ओपीडीची तारीख माहीत करून घेणं, रविवारचा फोन, पाळीचं आणि पगाराचं ठरवणं, आणि दिवाळीनंतर जो गेला त्याच्या शेजारच्या मशिनवाल्याशी एकदा बोलणं. सोमवारी येणाऱ्याला तारीखच दिलेली नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं किंवा त्याला परवडेल त्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात न्या.

साहेबांना दाखवायला एक पानी मसुदा हवा असेल तर इथंच सांगा, आमच्याकडचा टाइप करून टाकते. त्यात दोन फोन नंबरांची जागा मोकळी आहे. छापायला देण्याआधी ते दोन्ही नंबर तुम्ही स्वतः लावून बघा. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सुंदर पोस्टर होतं, मोठ्या अक्षरांत समुपदेशकाचा नंबर. मी लावला, तर तो फ्लेक्स छापणाऱ्याचा निघाला. वर्षभर तो बिचारा, "मी समुपदेशक नाही हो, पण बोला, काय झालं?" असं म्हणून लोकांचं ऐकून घेत होता.